गाय व्याल्यानंतर माजावर येत नाही: इंजेक्शनच्या आधी काय बघायचं

प्रश्न मुरबाड तालुक्यातल्या एका तरुण गोठेवाल्याचा आहे. गोठ्यात सात जनावरं, त्यातल्या तिघींची चिंता. पहिली एचएफ (होल्स्टिन) संकर, तिसऱ्या वेताची, घाटावरून आणलेली. व्यायला चार महिने झाले, दोन्ही वेळचं मिळून १६ लिटर देते, पण माज नाही. 'माजाचं इंजेक्शन' दोनदा टोचून झालं, गाय ढिम्म. दुसरी गीर, व्यायला साडेपाच महिने झाले, वासरू दिवसभर तिच्यापाशीच, तिचाही माज नाही. तिसरी संकर गाय दर २१-२२ दिवसांनी न चुकता माजावर येते आणि भरवली की उलटते, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येते. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: ही हार्मोनची इंजेक्शनं नेमकी करतात काय, कुठल्या गाईला कुठलं द्यायचं, आणि डोंबिवली-ठाण्याच्या सोसायट्यांत रतीब आहे तिथली गिऱ्हाइकं 'हार्मोनचं दूध नको' म्हणतात त्यांना काय सांगायचं.

आधी थेट सांगतो. पहिल्या गाईला तिसरं इंजेक्शन देऊ नका. अंडाशयावर काय आहे ते कोणी हात घालून बघितलेलं नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय. माजावर न येण्याची कारणं किमान तीन-चार आहेत, आणि एकीचं औषध दुसरीला पाण्यासारखं. गीर गाईला बहुधा वासराचा प्रश्न आहे. तिसरीला माजाचं इंजेक्शन लागतच नाही, कारण माज तर येतोच आहे. तिचं काहीतरी वेगळं बिनसलंय.

आता व्याल्यावर गाईच्या शरीरात काय घडतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल.

गाभणपणाचे नऊ महिने प्रोजेस्टेरॉनचं राज्य असतं. अंडाशयावरचा पिवळा पिंड, म्हणजे पीतपिंड, ते तयार करतो. शेवटच्या महिन्यांत वारेतून इस्ट्रोजेनही भरपूर येतं. या दोन्हींच्या दाबाखाली मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतला एलएच या हार्मोनचा साठा जवळजवळ संपून जातो. वार पडली की दाब उठतो, पण साठा भरायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर अंडाशय झोपलेला असतो असं मात्र नाही. एफएसएच हे दुसरं हार्मोन व्याल्यानंतर चार-पाच दिवसांतच वर येतं आणि दहा-बारा दिवसांत अंडाशयावर फॉलिकल, म्हणजे बीज असलेलं पाण्याचं पुटक, वाढायला लागतं. चांगल्या गोठ्यातही, वाईट गोठ्यातही. फरक पडतो तो पुढे.

ते पुटक फुटून बीज बाहेर पडायचं असेल तर एलएचचे ठोके साधारण तासाला एक या वेगानं पडावे लागतात. ठोके तीन-चार तासांनी पडत असतील तर पुटक वाढतं, थांबतं, विरघळतं. मग दुसरं वाढतं, तेही विरघळतं. हा ठोका ठरवतो मेंदूतला जीएनआरएच नावाचा हार्मोनचा रेणू. (हा रेणू ओळखण्यासाठी रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांनी कत्तलखान्यांतून मेंढ्यांचे आणि डुकरांचे मेंदूचे तुकडे वर्षानुवर्षं गोळा केले, १९७७ चं नोबेल त्याचं. आज तोच रेणू तुमच्या डॉक्टरांच्या बॅगेत छोट्या बाटलीत असतो.) आणि मेंदू हा ठोका कशावरून ठरवतो? रक्तातली साखर, इन्सुलिन, यकृतातून येणारं आयजीएफ-१, चरबीतून येणारं लेप्टिन. थोडक्यात, गाईला पोटभर मिळतंय की ती स्वतःचं अंग जाळून दूध देतेय, यावरून.

इथेच बहुतेक गोठ्यांचं घोडं अडतं. व्याल्यानंतर चार ते सहा आठवड्यांत दूध शिखरावर जातं, पण गाईची खाण्याची ताकद शिखरावर यायला आठ-दहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मधल्या काळात जितकं बाहेर जातं तितकं आत येत नाही. ही तूट सगळ्यात खोल असते पहिल्या दोन आठवड्यांत. थोडी तूट प्रत्येक दुभत्या गाईला येते, तिला घाबरायचं कारण नाही. पण तूट महिना-दीड महिना लांबली की एलएचचा ठोका मंदच राहतो आणि माज पुढे ढकलला जातो. गाईच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच आहे. स्वतःलाच पुरत नसताना पुढचं पोट कशाला?

तुमची गाय माळशेज घाट उतरून आली. आळेफाट्याकडे मका, मुरघास, ऊस, लसूणघास खाल्लेलं जनावर. आपल्याकडे तिच्या पुढ्यात काय येतं? भाताचा पेंढा. मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याणचा ग्रामीण भाग, सगळीकडे हीच कहाणी. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, पचायला जड, सिलिका जास्त, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. फॉस्फरसही कमीच. पोट फुगलेलं दिसतं म्हणून आपण समजतो गाय खातेय. १६ लिटरच्या गाईचा साधा हिशेब असा: अंगासाठी दीड किलो खुराक, आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. म्हणजे आठ किलोच्या आसपास, तोही दिवसातून तीन-चार वेळा वाटून, सोबत हिरवी वैरण किंवा मुरघास. यात तीन किलो सरकी पेंड आणि वर पेंढा असा मामला असेल तर सुई कुठलीही टोचा, मेंदू ऐकणार नाही. क्षार मिश्रण रोज ५० ग्रॅम हवं. चाटण विटा टांगून ठेवल्या की झालं असं नाही. बहुतेकींत मिठाचाच भाग मोठा असतो.

गाईची ही तूट डोळ्यांनी बघता येते. मागून उभं राहा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडलेत का, पुठ्ठ्याची हाडं वर आलीत का, कंबरेच्या आडव्या हाडांच्या कडा बोटाला टोचतात का. आम्ही याला १ ते ५ असे गुण देतो. व्याताना तीन ते सव्वातीन असावेत, आणि व्याल्यावर अर्ध्या गुणापेक्षा जास्त उतरू नये. एक गुण उतरला की माजही लांबतो आणि भरल्यावर गाभ राहण्याचं प्रमाणही पडतं. उलट फार लठ्ठ होऊन व्यालेली गाय जास्तच वेगानं उतरते, कारण तिची भूक मंदावते. तेव्हा या सगळ्याची सुरुवात व्याल्यावर नव्हे, आटवताना होते. व्याण्याआधी पूर्ण दोन महिने गाय आटलेली हवी. 'देतेय तोवर काढू' म्हणून आठव्या महिन्यापर्यंत धार काढणाऱ्यांना पुढच्या वेतात त्याची वसुली होते.

पण थांबा. तुमची गाय माजावर आलेलीच नाही, हे नक्की का?

व्याल्यानंतरचं पहिलं बीज बहुतेक वेळा मुक्यानं सुटतं. माजाची बाहेरची लक्षणं इस्ट्रोजेनमुळे दिसतात हे खरं, पण मेंदूनं त्याआधी काही दिवस प्रोजेस्टेरॉन चाखलेलं असावं लागतं. पहिल्या वेळी ते नसतं, म्हणून गाय ना हंबरते, ना उडते. शिवाय त्या पहिल्या बीजानंतर तयार झालेला पीतपिंड लवकर वितळतो, आणि पुढचा माज २१ ऐवजी आठ-दहा-बारा दिवसांतच येतो. एका छोट्या चक्रानंतर गाडी रुळावर येते. त्यामुळे काही गाई आतून व्यवस्थित चालू असतात आणि मालक म्हणतो 'माजच नाही'.

त्यात आपली बांधणी. सातही जनावरं दावणीला, खाली कोबा, तोही ओला आणि गुळगुळीत. गाय दुसरीवर उडणार कशी? उभं राहून दुसरीला अंगावर घेणं हेच माजाचं एकमेव खात्रीचं लक्षण आहे आणि दावणीवर ते दिसणं अशक्य. राहिली बारीकसारीक लक्षणं: स्वच्छ, पारदर्शक, तार लोंबणारी सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), निरण (योनीचं बाहेरचं तोंड) किंचित सुजलेली, वारंवार थोडी थोडी लघवी, त्या वेळी दूध एक-दोन लिटरनं कमी, खाण्यावर लक्ष नाही. ठाण्याच्या दमट उन्हाळ्यात माज दिवसा दबतो आणि रात्री दहा ते पहाटे पाचच्या दरम्यान दिसतो. तेव्हा आपण झोपलेलो असतो. रात्री अकराला आणि पहाटे धारेच्या आधी, दिवा लावून गाईच्या मागे पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. शेपटीला, गव्हाणीच्या मागच्या जमिनीवर सोट आहे का बघायचं. आणि रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास गाई मातीच्या अंगणात मोकळ्या सोडायच्या. या दोन गोष्टींनी सुटणाऱ्या 'वांझ' गाई मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

आता ते दोनदा दिलेलं इंजेक्शन. ज्याला सगळे 'माजाचं' म्हणतात ते प्रोस्टाग्लँडिन. क्लोप्रोस्टेनॉल असेल तर २ मिली, डायनोप्रोस्ट असेल तर ५ मिली. हे औषध माज आणत नाही. ते फक्त पीतपिंड वितळवतं. पिंड वितळला की प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं, तयार असलेलं पुटक वाढतं आणि दोन ते पाच दिवसांत गाय माजावर येते. म्हणजे वितळवायला पिंड हवा, आणि तोही किमान पाच-सहा दिवस जुना. कोवळा पिंड दाद देत नाही. अंडाशय मुळात बंद असेल तर हे औषध देणं म्हणजे पैसे गटारात. तुमच्या गाईच्या बाबतीत तीनच शक्यता: अंडाशय बंद होता, पिंड कोवळा होता, किंवा माज आला आणि रात्रीच निघून गेला. यातलं कुठलं खरं, ते फोनवर कोणीच सांगू शकत नाही.

म्हणून हात घालून तपासणी. डॉक्टर खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवतात, गुदद्वारातून शेण काढून हात आत नेतात. आधी गर्भाशयाचं मुख बोटांखाली येतं, मग दोन शिंगं, आणि शिंगांच्या टोकांजवळ दोन्ही बाजूंना एकेक अंडाशय. तो तर्जनी आणि अंगठ्यात धरून सावकाश फिरवायचा. बंद पडलेला अंडाशय वालाच्या दाण्याहून जरासा मोठा, चपटा, गुळगुळीत, कुठेही उंचवटा नाही. दुसऱ्या बाजूचाही तसाच. चालू अंडाशय तीन-चार सेंटिमीटर लांब, आणि त्याच्या एका कडेवर घट्ट, मांसल उंचवटा लागतो, कधी त्याच्या डोक्यावर बारीक टोक. तो पीतपिंड. पुटक असेल तर ते दाबल्यावर मऊ, पाणीदार लागतं. अडीच सेंटिमीटरहून मोठं पातळ भिंतीचं पुटक आठवडाभरानंही तसंच असेल आणि पिंड नसेल, तर ती गाठ, म्हणजे सिस्ट. सोनोग्राफीचं यंत्र सोबत असेल तर उत्तमच, पण सरावलेला हात पुरतो. एका तपासणीत शंका राहिली तर दहा दिवसांनी पुन्हा. तपासणीत सगळ्यात आधी गाय गाभण नाही ना हे बघायचं. घाटावरून आणलेली, मधल्या काळात कोणीतरी भरवलेली गाय गाभण निघते आणि प्रोस्टाग्लँडिननं तो गाभ पडतो, असं होऊ शकतं.

पिंड सापडला तर काम सोपं: प्रोस्टाग्लँडिन, आणि पुढचे पाच दिवस रात्रंदिवस नजर. माज दिसला की भरवा. सिस्ट असेल तर आधी जीएनआरएच, आणि सात ते दहा दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन. गाठ हातानं फोडणारे अजून आहेत. त्यानं अंडाशयाला जखमा होऊन तो चिकटतो, त्यांना हात लावू देऊ नका. आणि अंडाशय बंद असेल तर? आधी तीन-चार आठवडे खुराक, क्षार, हिरवा चारा, पोटात जंत असतील तर त्याचं औषध. गाय अंग धरायला लागली की मग प्रोजेस्टेरॉनचं साधन. हा सिलिकॉनचा तुकडा योनीमार्गात बसवतात, त्यातून प्रोजेस्टेरॉन हळूहळू झिरपतं. बसवताना जीएनआरएच, सातव्या दिवशी काढताना प्रोस्टाग्लँडिन आणि जोडीला ४०० ते ५०० युनिट पीएमएसजी (पुटक वाढवणारं हार्मोन), नवव्या दिवशी पुन्हा जीएनआरएच आणि त्यानंतर १६ ते २० तासांनी रेतन. मघाशी सांगितलं ना, माजाआधी मेंदूनं प्रोजेस्टेरॉन चाखायला हवं. ते इथे बाहेरून दिलं जातं. काढल्यावर मेंदूवरचा दाब एकदम उठतो आणि एलएचचे ठोके जोर धरतात. हाडाचा सापळा झालेल्या गाईला हे साधन बसवलं तर माज कदाचित येईल, गाभ टिकणार नाही.

तुम्ही 'ओव्हसिंक'बद्दलही विचारलंय. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी ही पद्धत मांडली. त्यात माज बघायचाच नाही. बीज कधी सुटणार ते आपण ठरवायचं. मी ती वाराच्या भाषेत सांगतो, म्हणजे लक्षात राहते. सोमवारी सकाळी जीएनआरएच. पुढच्या सोमवारी सकाळी प्रोस्टाग्लँडिन. त्याच आठवड्यात बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास पुन्हा जीएनआरएच. गुरुवारी सकाळी रेतन, माज दिसो न दिसो. पहिलं इंजेक्शन मोठं पुटक फोडून नवीन लाट सुरू करतं, दुसरं पिंड वितळवतं, तिसरं नव्या पुटकाला वेळेवर फोडतं. बुधवारचं इंजेक्शन विसरून गुरुवारी सकाळी दिलं तर सगळं मुसळ केरात. दहातल्या तीन-चार गाई गाभण राहिल्या तरी निकाल ठीक म्हणायचा. साध्या माजावर भरवण्यापेक्षा हा आकडा मोठा नाही, हे गोठेवाल्यांना पटत नाही. फायदा वेगळाच आहे: माज न दिसणारी प्रत्येक गाय ठरलेल्या दिवशी भरली जाते, महिने फुकट जात नाहीत. पावसाळ्यात रस्ता बंद, कृत्रिम रेतनवाला माणूस चार गावं पलीकडे, अशा ठिकाणी ठरलेला वार फार उपयोगी पडतो. पण बंद अंडाशयाच्या गाईवर नुसतं ओव्हसिंक फारसं चालत नाही. तिथे प्रोजेस्टेरॉनचं साधन जोडावं लागतं.

एक गोष्ट जाता जाता. २० लिटरच्या पुढच्या गाई ज्यांच्याकडे आहेत त्यांची तक्रार असते की माज येतो पण चार-सहा तासांत विझतो. या गाई खूप खातात, त्यामुळे यकृतातून रक्ताचा ओघ प्रचंड असतो आणि यकृत इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन भराभर मोडून टाकतं. माज छोटा होणारच. तिथे बघण्याच्या वेळा वाढवायच्या.

आता गीर. देशी गाईचा माज रोखून धरणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिचं स्वतःचं वासरू. लोकांना वाटतं दूध काढल्यामुळे माज लांबतो. तसं असतं तर यंत्रानं तीन वेळा पिळली जाणारी होल्स्टिन कधीच गाभण राहिली नसती. रोखतं ते वासराचं पिणं, त्याचं दिसणं, त्याचा वास. त्यानं मेंदूत अफूच्या जातीची द्रव्यं सुटतात आणि ती जीएनआरएचचा ठोका दाबतात. दुसऱ्याच गाईचं वासरू लावलं तर हा परिणाम तितका होत नाही, इतकं हे आई-लेकराचं प्रकरण आहे. वासरू साडेपाच महिन्यांचं झालंय, चारा खात असणार. त्याला गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, दिसणार नाही अशा आडोशाला बांधा. दोन्ही धारांच्या वेळी फक्त पान्ह्यापुरतं सोडा आणि लगेच न्या. पहिले दोन-तीन दिवस गाय हंबरून घर डोक्यावर घेईल, दूध थोडं चोरेल, नेटानं घ्या. बऱ्याच गीर गाई एवढ्यावरच तीन आठवड्यांच्या आत माजावर येतात. नाही आली तर तपासणी, मग प्रोजेस्टेरॉनचं साधन. गीरचा माज संकरित गाईपेक्षा छोटा असतो आणि तोही रात्रीचा, हे ध्यानात असू द्या. तुमच्याकडे डांगी किंवा कोकण कपिला असती तरी हेच सांगितलं असतं.

तिसरी, उलटणारी. ती बरोबर २१-२२ दिवसांनी येते, ही माहिती लाखमोलाची आहे. गर्भ १६-१७ व्या दिवशी आईच्या गर्भाशयाला एक प्रथिन पाठवून सांगतो की मी आहे, पिंड वितळवू नकोस. तो निरोप पोचला नाही तर गर्भाशय स्वतःचं प्रोस्टाग्लँडिन सोडतं आणि गाय वेळेवर माजावर येते. म्हणजे तुमच्या गाईत एकतर फलनच होत नाही किंवा गर्भ १६ दिवसांच्या आत मरतो. ती ३०-३५ दिवसांनी आली असती तर गर्भ राहून नंतर गेला असं म्हटलं असतं, आणि शोध वेगळ्या दिशेनं घेतला असता.

फलन न होण्याचं पहिलं कारण वेळ. माज १२ ते १८ तास टिकतो, बीज माज संपल्यावर १०-१२ तासांनी सुटतं. सकाळी उभा माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. व्यवहारात होतं काय, सोट दिसल्यावर फोन, माणूस जेव्हा येईल तेव्हा रेतन. तुमच्या गाईला माजानंतर दोन-तीन दिवसांनी निरणातून थोडं रक्त येतं का बघा. ते आलं म्हणजे गाभ राहिला नाही, असं मुळीच नाही. माज होऊन गेला एवढाच त्याचा अर्थ. पण रेतनाच्या दुसऱ्याच दिवशी रक्त दिसत असेल तर रेतन उशिरा झालं, अशी शंका घ्यायला जागा आहे. ज्या गाईंचा माज दिसतच नाही त्यांच्यातही हे रक्त दिसलं की तारीख लिहून ठेवा: पुढचा माज साधारण १८-१९ दिवसांनी. माज चुकला म्हणून डोक्याला हात लावण्यापेक्षा ही तारीख जास्त कामाची.

दुसरं कारण पिशवी. व्याल्यानंतर गर्भाशय मूळ आकाराला यायला ४० ते ४५ दिवस लागतात. या वेळी वार अडकली होती का? ओढून काढली होती का? (वारेला वीट किंवा चप्पल बांधून लोंबकळत ठेवणं अजून बघायला मिळतं. कृपा करून नको.) माजाची सोट हातावर घेऊन उजेडात बघा. त्यात पांढरे-पिवळे ठिपके असतील तर आत दाह आहे. अशा माजात रेतन करू नका, एक माज सोडा, डॉक्टरांकडून उपचार घ्या. इथे प्रोस्टाग्लँडिन औषध म्हणूनही चालतं: माज आणला की गर्भाशयाचं मुख उघडतं, आकुंचनं वाढतात, घाण बाहेर पडते.

सोट स्वच्छ, वेळ बरोबर, तरी उलटते? मग बीज उशिरा सुटत असेल. माज दोन दिवस रेंगाळतो का ते बघा. तसं असेल तर रेतनाच्या वेळीच जीएनआरएच टोचून घ्यायचं, आणि माज टिकला तर २४ तासांनी दुसरं रेतन. गोठवलेल्या रेताची नळकांडी विरघळवण्याकडेही लक्ष असू द्या: ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद. काखेत किंवा खिशात नाही.

आणि एप्रिल-मे, ऑक्टोबर. भरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातला गर्भ उष्णतेला सगळ्यात नाजूक. विदर्भातल्या गोठ्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडे फॉगर बसवतात. ठाण्याच्या दमट हवेत तुषार सुकतच नाहीत, उलट गोठ्यात घुसमट वाढते. गाईच्या अंगावर पाणी मारा, कातडीपर्यंत भिजवा आणि त्यावर पंखा सोडा. खुराकाचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री.

राहिली सोसायटीतली गिऱ्हाइकं. त्यांना सांगा की प्रोस्टाग्लँडिन गाईचं गर्भाशय स्वतःच दर २१ दिवसांनी बनवतं; टोचलेलं काही तासांत शरीरातून निघून जातं. जीएनआरएच हा प्रथिनाचा बारीक तुकडा, पोटात गेला तर पचतो. प्रोजेस्टेरॉन तर प्रत्येक गाभण गाईच्या दुधात निसर्गतःच असतं. तरीही औषधाच्या वेष्टनावर दूध किती वेळ वापरू नये हे लिहिलेलं असेल ते पाळा, आणि तसं गिऱ्हाइकाला सांगा. तक्रार करायचीच तर पान्ह्यासाठी रोज टोचल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनची करावी. तो प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याचा या उपचारांशी काही संबंध नाही. तुमच्या गोठ्यात ते येत नसेल तर गिऱ्हाइकांना एकदा गोठा बघायला बोलवा. मुरबाडला रविवारी तसेही लोक फिरायला येतातच.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्या. प्रोस्टाग्लँडिनची बाटली घरात ठेवू नका. ते कातडीतूनही शोषलं जातं. गरोदर बाईनं आणि दम्याच्या माणसानं त्याला हात लावायचा नाही, इंजेक्शन भरताना हातमोजे, सांडलं तर लगेच साबण-पाणी. धारेला घरातली सून किंवा वहिनी असेल तर तिला हे आधी सांगा.

या आठवड्यात एवढं करा: गीरचं वासरू आजच हलवा, त्याला डॉक्टर लागत नाही. दवाखान्यात वेळ घ्या किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून फिरतं पथक मागवा, आणि दोन्ही संकर गाई एकाच खेपेत तपासून घ्या. त्याआधी एका वहीत प्रत्येकीच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक, व्याल्याची तारीख, वार किती तासांत पडली, दिसलेले माज, रक्त, रेतनं आणि आत्ताचा रोजचा खुराक किलोत लिहून ठेवा. खुराक अंदाजानं लिहू नका, तराजूवर तोलून लिहा. पहिल्या गाईच्या अंडाशयावर काय सापडलं ते डॉक्टरांकडून त्याच वहीत लिहून घ्या: कुठल्या बाजूला, पिंड की पुटक की काहीच नाही. मग पुढचं विचारा.